खोड न सांगता दिलेला हात

पोखर्णीकडच्या एका हाडवैद्याने मला फसवलं. भर दुपारी, स्वतःच्या अंगणात, साक्षीदार बसवून फसवलं. तो आता नाही. साक्षीदार आहे. तो त्या वैद्याचा मुलगा. परभणीत स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसून रोज पेपर वाचतो, आणि मी रस्त्याने जाताना दिसलो की दोन्ही हात पेपराखाली घेतो.

मी बैलांचा व्यापारी. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होता, त्यामुळे मला कुणी काही दिलेलं नाही. शाळेत असल्यापासून ताडकळसच्या बाजारात लोकांची जनावरं धरून उभा राहायचो आणि सौदे बघायचो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. सौदा ठरायच्या आधी घेणारा तीनदा विचारतो, "खोड?" विकणाऱ्याने खरं सांगायचं. बैल मारका आहे, बसका आहे, पायाने अधू आहे, जे असेल ते. तीनदा "न्हाई" म्हणून नंतर खोड निघाली तर जनावर परत घ्यायचं. विकणारा मेला असेल तर ज्याने उपरण्यावर तळहात ठेवला होता त्या साक्षीदाराने जबाब द्यायचा. आमच्याकडे ही गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी पी.यू.सी. सायन्स थर्ड क्लासमध्ये पास झालो होतो. मला डॉक्टर व्हायचं होतं, आणि हे मी कुणाला सांगितलं की लोक आधी माझे मार्क विचारायचे आणि मग विषय बदलायचे. एमबीबीएसचं नावच काढायला नको. पण आयुर्वेद कॉलेजात मुलाखत होती, आणि तिथल्या प्रमुखांबद्दल असं ऐकलं होतं की मार्क कमी असले तरी वैद्याच्या हाताखाली शिकलेला मुलगा ते घेतात. अट एकच, वैद्याने स्वतः समोर येऊन सांगायचं की हा माझा शिष्य.

आमच्या घरात वैद्य कुठला? म्हणून मी हाडवैद्याकडे गेलो. पंचक्रोशीत कुणी झाडावरून पडलं, कुणाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं, तर त्याला याच्या अंगणात आणत. सगळे त्याला बाबा म्हणत; तो एका बाजेवर बसलेला असायचा. मोडलेल्या जागेवर उपरणं टाकायचा, खाली हात घालायचा आणि डोळे मिटायचा. माणूस ओरडायच्या आत हाड जागेवर.

मी त्याला सरळ सांगितलं, "बाबा, तुमी फक्त येऊन म्हणा, हा माझ्याकडं शिकला."

"मी खोटं बोलत न्हाई," तो म्हणाला. "शिक, मंग म्हनतो."

शिकणं म्हणजे मडकं. मडकं पोत्यात घालायचं, पोत्याचं तोंड बांधायचं, वरून काठी मारायची. मग पोत्यावरूनच चाचपत आतल्या खापऱ्या एकेक करून जुळवायच्या. पूर्ण मडकं जुळलं की तो वरून एकदा हात फिरवायचा आणि पुन्हा काठी मारायचा. मला ते लवकर जमलं. न बघता बोटांनी ओळखायचं, हे तर माझं लहानपणापासूनचं काम. सबंध उन्हाळा मी त्या अंगणात काढला. दुपारी गावात चिटपाखरू नसायचं. फक्त पोत्यातल्या खापऱ्यांची करकर.

तेव्हाच एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी तिला किंमत दिली नाही. बाबा कामाशिवाय कुणाला शिवत नसे. त्याची म्हातारी चहा आणायची ती बाजेच्या कडेला ठेवायची, हातात द्यायची नाही. तीन-चार वर्षांची नात होती. ती अंगणभर खेळायची, पण बाजेच्या एका ठरावीक अंतराच्या आत यायची नाही. कुत्र्याला साखळीची लांबी माहीत असते, तशी.

मुलाखत जवळ आली तसा बाबा म्हणाला, "खापऱ्या जुळवनं झालं. आता हात घ्यावा लागंल. त्याबिगर शिष्य न्हाई."

"हात घ्यायचा म्हणजे?"

"माझा हात तुला. माझ्या गुरूनं मला दिला तसा. एकालाच देता येतो. दिला की माझं काम संपलं."

मुलगा ओसरीवर टेकून उभा होता. तो तेव्हा परभणीला एका कचेरीत नुकताच लागला होता. तो हसला. "घ्या की डागदर. घरचा माल हाय."

"तुमी का न्हाई घेतला?" मी विचारलं.

"मला काय करायचंय? मी फायली हलवतो. फायलीचं हाड मोडत न्हाई."

मी सौदा करणारा माणूस. फुकट मिळणाऱ्या वस्तूला मी नेहमी दोनदा उलटून बघतो. म्हणून मी म्हणालो, "बाबा, बाजाराच्या रिवाजानं होऊ द्या. उपरणं टाका, साक्षीदार बसवा. मी विचारीन."

बाबाने खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर घेतलं. मग त्याने मुलाला हाक मारली. आम्ही समोरासमोर बसलो. उपरण्याखाली त्याने माझा उजवा हात धरला, आणि मुलाने वरून तळहात ठेवला.

"खोड?" मी विचारलं.

"न्हाई."

"खोड?"

"न्हाई."

"खोड?"

या वेळी मुलाने एकदा बापाकडे पाहिलं. बाबा म्हणाला, "न्हाई."

माझ्या हाताला काही झालं नाही. झालं ते त्याच्या हाताला. घट्ट धरलेली पकड अशी सैल पडली की वाटलं, उपरण्याखाली आता कुणाचाच हात नाही. त्याने तो बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग तो उठला आणि अंगणाच्या टोकाला खेळणाऱ्या नातीला त्याने उचललं. पोर आधी थिजली, मग किंचाळून रडली. बाबा तिला छातीशी धरून तिच्या पाठीवर, मानेवर, पायांवर हात फिरवत होता. म्हातारीने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, नवऱ्याची विद्या गेली म्हणून रडते आहे.

त्या संध्याकाळी आईने मला भाकरी वाढली. ताट घेताना माझी बोटं तिच्या मनगटाला लागली. कातडीखाली काहीतरी हललं. करकर. पोत्यातल्या खापऱ्या हलतात तशी. मी दचकून तिचा हात पुन्हा धरला.

"काय रे? दुखायलंय का म्हून बघायलास?"

"दुखायलंय?"

"न्हाई बा. ठणठणीत हाय."

मनगट खरोखर ठणठणीत होतं. पण माझ्या बोटांखाली ते मोडलेलं होतं. पुढच्याच बाजाराच्या दिवशी ती रांजणापाशी घसरली आणि हात टेकायला गेली. मोडलं ते तिथेच, नेमकं तिथेच. मी उपरणं टाकलं, हाड बसवलं. शेजारपाजारचे लोक म्हणाले, पोराला हात आला. मी मात्र भिंतीला टेकून बसलो होतो, कारण मोडल्यानंतर तिच्या मनगटात मला जे लागलं ते आधीच लागलेलं होतं. कणभरही फरक नव्हता.

मी बाबाकडे गेलो. तो बाजेवर नातीला घेऊन बसला होता. मी सांगत गेलो तसा तो तिच्या केसांतून हात फिरवत राहिला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"सराव जास्ती झाला की होतं तसं," तो म्हणाला. "सरल."

सरलं नाही. ताडकळसला एका जोडीच्या सौद्यात मी सहज बैलाच्या पुढच्या पायावरून हात फिरवला आणि सौदा मोडून उठलो. ज्याने ती जोडी घेतली त्याचा बैल नांगरटीत पायाने गेला. एसटीत कंडक्टरने सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि मला त्याच्या अंगठ्यात करकर लागली. मी बाहेर बघायला लागलो. बाहेर रस्त्याने माणसं चालली होती, सगळी धडधाकट. मला प्रत्येकाला शिवून बघावंसं वाटत होतं आणि कुणालाच शिवायचं नव्हतं.

तरीही मी मुलाखतीला गेलो. का जाऊ नये? थर्ड क्लासवाल्याला दुसरं दार कुठलं होतं? बाबा शब्दाप्रमाणे बरोबर आला. गाडीत माझ्या शेजारी जागा असून तो पलीकडच्या बाकावर बसला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाला, "खाली ठेव." मी खाली ठेवल्यावर त्याने उचलला.

कॉलेज जुन्या दगडी इमारतीत होतं. वर जायला उंच पायऱ्या. मुलाखतीला प्रमुख आणि त्यांच्या बाजूला दोन शिक्षक बसले होते. प्रमुख पन्नाशीचे, जाड चष्म्याचे. आधी त्यांनी माझे मार्क मोठ्याने वाचले. शिक्षक हसले.

"एवढ्यावर डॉक्टर व्हायला निघालात?"

"साहेब, मार्क पेपरात पडले. हात माझ्याजवळ आहे," मी म्हणालो. डोकं तापलं होतं, पण आवाज खाली ठेवला.

बाबाने हात जोडून सांगितलं, "ह्यो माझा शिष्य. माझ्यापाशी होतं ते समदं ह्याला दिलं."

शिक्षकांनी टेबलावर फडकं टाकून त्याखाली एक हाड ठेवलं. मी हात घातला. डावा हात, कोपराखालचं हाड, लहानपणी मोडून जरा वाकडं जुळलेलं. दुसरं दिलं. तेही सांगितलं. हसणं थांबलं. प्रमुख खुर्चीत पुढे सरकले. ते खूश झाले होते, मला स्पष्ट दिसत होतं. सौद्यात समोरचा खूश झाला की खांदे सैल सोडतो. मला त्या क्षणी जागा मिळाली होती, हे मी आजही पैजेवर सांगतो.

"आता जिवंत माणूस बघ," ते म्हणाले आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. "क्रिकेट खेळताना मोडला होता. कुठे ते सांग."

मी नडगीवर हात ठेवला. जुनी मोड लगेच सापडली. ती सांगितली. पण हात तिथे थांबला नाही. वर मांडीच्या खुब्याकडून करकर येत होती. एवढी मोठी मी आधी कधी ऐकली नव्हती. सगळं मडकं एकदम.

मी वर पाहिलं. प्रमुखांच्या मागे भिंतीला टेकून बाबा उभा होता. तो माझ्याकडे बघून हळूहळू मान हलवत होता. बोलू नको, म्हणून.

म्हणजे त्याला माहीत होतं. मला काय लागलं आहे, ते त्याला माझ्या तोंडावरून कळलं होतं. नातीला तो का शिवत नव्हता, म्हातारी चहा बाजेच्या कडेला का ठेवायची, सगळं मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

"काय झालं?" प्रमुख म्हणाले. "बोला ना."

मी गप्प राहायला हवं होतं, असं लोक म्हणतात. समोरच्या माणसाचा खुबा माझ्या बोटांखाली चुरा झालेला असताना? मी म्हणालो, "साहेब, पायऱ्या जपून उतरत जा."

एक शिक्षक फस्सकन हसला. प्रमुखांनी पायजमा खाली केला. "आम्हाला वैद्य पाहिजेत, भविष्य सांगणारे जोशी नकोत," ते म्हणाले. पण आवाजात राग नव्हता. "पुढच्या आठवड्यात या. बघू."

पुढच्या आठवड्यात मी गेलो. पायऱ्यांच्या खालच्या टोकाला दगडावर कुणीतरी रक्त झाकायला राख पसरली होती. शिपाई वर उभा होता. मला बघताच तो एक पायरी मागे सरकला.

"साहेब?" मी विचारलं.

"दवाखान्यात. खुब्यात गेलाय पाय. परवा हितंच पडले." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमीच ना ते?"

"माझ्या जागेचं काय झालं?"

"आता तुमाला कोन घेईल, भाऊ? समदे म्हनायलेत, त्यानं हात लावला अन् पडले. जा तुमी. अन् मला शिवू नका."

तिथून मी सरळ बाबाच्या अंगणात गेलो. तो नातीची वेणी घालत होता. मी ओरडलो, सगळं गाव गोळा होईल एवढा ओरडलो. "खोड होती! तीनदा इचारलं मी!"

"मलाबी देनाऱ्यानं न्हाईच म्हनलं होतं," तो म्हणाला.

"परत घ्या."

"परत घेता येत न्हाई. फुडं देता येतो." त्याने वेणीला रिबीन बांधली. "चांगला माणूस बघ कुनी."

मी कुणाला दिला नाही. चांगल्या माणसाला खोड सांगून दिला तर तो घेणार नाही, आणि न सांगता द्यायला मी काही वैद्य नाही. लोक म्हणतात, त्याच हाताने बैल पारखून तू मोठा झालास, आता तक्रार कसली? मोठा झालो, पण माझ्या डोक्याने. उपरण्याखाली रोज माणसांची बोटं धरून भाव करतो, आणि कुणाच्या बोटांत काय लागलं ते गिळून भाव पुढे बोलतो. मला दोन नातवंडं आहेत. मी त्यांना लांबून बघतो. त्यांनाही आता अंतर कळायला लागलं आहे.

विकणारा मेला. साक्षीदार जिवंत आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू बापाकडे का बघितलंस? घरचा माल होता तर तू का नाही घेतलास? पेपराखाली हात कशाला घेतोस, मी रस्त्यानेच तर चाललेला असतो? तुझा तळहात त्या उपरण्यावर होता, आणि जबाब तुलाच द्यायचा आहे. येत्या बाजाराला ताडकळसला ये. लिंबाखाली मी बसलेला असेन, उपरणं माझ्याजवळ असेल. समोर बस, हात बाहेर काढ, आणि बोल.