लाकडी चर्चचा नारळ

आमच्या लंडनमधल्या, एजवेअरच्या मंडळींबरोबर कुठेही गेलं की काहीतरी घडतंच. घडतं तेव्हा मला कळत नाही. घरी येऊन डायरीत नीट उतरवते, तेव्हा त्याहून कळत नाही. या लाकडी चर्चचंच घ्या.

आमच्यातल्या शिरीषने ते शोधून काढलं होतं. शेकडो वर्षांचं, टोकदार गॉथिक कमानींचं, आणि कमानी दगडाच्या नाहीत, ओकच्या लाकडाच्या. गाडीतलं वाट दाखवणारं सॅटनॅव्ह म्हणालं, पोचलात. समोर फक्त काळपट फळ्यांचं एक गोदाम. गल्लीत फेऱ्या मारून दमलो, गोदामाला टेकलो आणि कुत्रा फिरवणाऱ्या आजोबांना विचारलं, "चर्च कुठे आहे?"

"ज्याला टेकलायत, तेच," आजोबा म्हणाले.

*

शिरीषची आई, सुशीलाकाकू, सुनेच्या बाळंतपणासाठी सांगलीहून आल्या होत्या. मुग्धाचं बीपी वाढलेलं, डॉक्टर काळजीत. काकूंनी चर्चच्या दारात चपला काढल्या, म्हणून आम्हीही काढल्या. मागून आलेल्या इंग्लिश जोडप्याने ती रांग बघितली आणि मुकाट्याने आपले बूट काढले.

चर्चची देखभाल करणाऱ्या मार्गारेटबाई आल्या. सगळ्यांच्या मोज्यांकडे बघत म्हणाल्या, "आत ओलं आहे का?"

*

परतताना गाडीत काकू म्हणाल्या, "मी नारळ बोललेय. मुग्धा सुखरूप सुटू दे म्हणून."

"आई, कुणाला बोललीस?"

"तिथं जो असेल त्याला."

*

मुग्धाला मुलगी झाली. दोघी ठणठणीत. काकूंचं परतीचं विमान मंगळवारी, आणि नवस तसाच.

"आपल्या देवळात फोडू की," शिरीष म्हणाला. "जवळच तर आहे."

"बोलले एकाकडे आणि फोडू दुसऱ्याकडे? पोरीच्या जिवाचं आहे, शिरीष. नवस ठेवून मी विमानात बसायची नाही."

*

रविवारी पुन्हा चर्च. शिरीषने मार्गारेटबाईंना सगळं समजावलं. त्यांनी नारळ हातात फिरवून बघितला.

"आम्ही इथे सहसा काही फोडत नाही," त्या म्हणाल्या. "सुगीच्या सणाला वाहिलेल्या भाज्या-फळांचं टेबल मांडलंय. तिथे ठेवला तर? भोपळ्यांशेजारी?"

मी काकूंना मराठीत सांगितलं. "नुसता ठेवायला हा काय बाजार आहे?" म्हणत त्यांनी नारळ परत घेऊन पोटाशी धरला.

मार्गारेटबाईंना शब्द कळले नसणार. कमानींकडे एकदा बघून त्या आम्हाला दाराबाहेर घेऊन आल्या. "लाकडाला धक्का लावता येणार नाही. ही दगडी पायरी मात्र अगदी नवी आहे. दीडशे वर्षांचीच."

काकूंनी एका फटक्यात नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा चावत मार्गारेटबाईंनी मला हळूच विचारलं, "आधी मागायचं, की आधी फोडायचा?"

"आधी मागायचं. मिळालं की फोडायचा."

*

परवा पाहुण्यांना घेऊन चर्च दाखवायला गेले. पायरीवर करवंटीचे ताजे तुकडे! मार्गारेटबाई झाडू घेऊन बाहेर आल्या.

"आमच्यापैकी कोण येऊन गेलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही." त्या झाडत राहिल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "तुमच्या काकूंना फोन कराल तेव्हा एक विचाराल? तीन फटके लागले तर चालतं का?"