बोडीत भिजवलेलं चाक

बाबांनी माझी नवी सायकल तालुक्याहून चालवत आणली नाही, हाताला धरून आणली. दुकानापासून घरापर्यंतचा सगळा रस्ता, मधला जंगलाचा तुकडा धरून, ते तिच्या बाजूनं चालत आले आणि वाटेत भेटेल त्याला "पोरीच्या कॉलेजसाठी" असं सांगत आले. दोन पायडल मारून पाहिले असते तर चाक डोलतंय हे दुकानासमोरच कळलं असतं. पण आमच्या घरी नव्या वस्तूवर जीवच इतका, की ती वापरायची सोडून बाकी सगळं करतात. आईनं हँडलला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी पायडल मारलं, लिंबू चिरडलं आणि मागचं चाक ब्रेकला घासून चर्र चर्र करायला लागलं.

"नवी हाये, आवाज करनच थोडासा," आई म्हणाली.

आमचं गाव मुलचेऱ्याच्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आत, जंगलात आहे. गावातली एकही मुलगी तोवर दहावीच्या पुढं गेली नव्हती. मला मात्र नर्स व्हायचं होतं, आणि त्यासाठी आधी बारावी व्हायला हवी होती. आमच्या गावाला येणारी नर्सबाई स्वतःची स्कूटी चालवत यायची आणि गावातले एरवी मिशीला पीळ देणारे बाप्ये तिच्यासमोर दंड उघडा करून, डोळे मिटून, गुपचूप बसायचे. जगात यापेक्षा मोठा अधिकार असेल असं मला वाटत नव्हतं. कॉलेज मुलचेऱ्याला. सकाळची एसटी मिळायची, पण संध्याकाळची अंधार पडल्यावर फाट्यावर सोडायची, तीही आली तर. फाटा ते गाव जंगल, आणि जंगलात वाघ. त्यात नवल काही नाही, आमच्याकडं वाघाचं भय पावसापाण्यासारखं धरूनच चालतात. म्हणून सायकल घेतली, आणि बाबांनी एकच अट घातली.

"उजेडात घरी आलं पायजे. ज्या दिवशी अंधार होईन, त्या दिवसापासून कॉलेज बंद. मंग मले काई बोलाचं नाई."

मी कबूल केलं. उजेडात येणं माझ्या पायांवर आहे अशी माझी समजूत होती. ते चाकावर होतं.

मागचं चाक एका बाजूनं ब्रेकला इतकं घासायचं की सपाट रस्त्यावरसुद्धा घाट चढल्यासारखं वाटायचं. मी ब्रेक सैल केला, तर चाक दांडीला घासायला लागलं. रोज थोडा थोडा उशीर व्हायचा. गावाच्या तोंडाशी बाबा खांद्यावर कुऱ्हाड टाकून उभे असायचे. मला पाहिलं की वळायचे आणि पुढं चालायला लागायचे. त्यांच्या पाठीवरून मला कळायचं की आज थोडक्यात वाचले.

वाटेवर निर्वासित म्हणून येऊन वसलेल्या बंगाल्यांचं एक गाव लागतं. तिथं चिंचेखाली एक म्हातारा सायकली दुरुस्त करतो. त्यानं चाक उचलून हातानं फिरवलं, बोट रिमजवळ धरलं आणि म्हणाला, "आऊट है. तार ढीला है सब. एक दिन छोड़ो इधर, आऊट निकाल देगा." दुकानात सायकल जोडताना चाकाच्या तारा कुणी नीट कसल्याच नव्हत्या, एवढी साधी गोष्ट. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी चाक घासतंय हेसुद्धा मी विसरले.

घरी येऊन बाबांना सांगितलं, चाकात आऊट आहे.

"आऊट?" बाबा म्हणाले. "ते का किरकेट होय?"

"चाक डोलते ना बाबा, त्याले आऊट म्हंतेत. तारा कसा लागते. एक दिवस त्याच्याकडं ठेवा लागते."

"नवं चाक डोलतेच. त्याले बसू द्या लागते. त्या बंगाल्याले काय मालूम?"

इथं माझ्या बाबांबद्दल एक सांगायला हवं. गावातली लाकडी चाकाची शेवटची बंडी, म्हणजे बैलगाडी, आमची होती. सगळ्यांनी टायरच्या बंड्या केल्या तरी बाबांनी ती सोडली नव्हती. लाकडी चाकावर लोखंडाची धाव असते. लाकूड सुकलं की धाव ढिली होते, चाक खडखडतं. मग चाक काढायचं, रात्रभर पाण्यात टाकायचं. लाकूड फुगतं, धाव घट्ट बसते. वर भरली बंडी ओढली की चाक कायमचं जागेवर येतं. या कामात बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. आजूबाजूच्या गावचे लोक चाक घेऊन आमच्या दारात यायचे.

तेव्हा बाबांनी काय केलं असेल ते सांगायला नकोच. कॉलेजला सुट्टी होती त्या दिवशी त्यांनी पान्यानं मागचं चाक काढलं आणि बोडीकडं निघाले. बोडी म्हणजे आमच्या धानाच्या बांध्यांना पाणी देणारं छोटं तळं. पावसानं ती काठोकाठ भरली होती. मी मागून ओरडत गेले.

"बाबा, हे लोखंडाचं हाये! लोखंड फुगते का?"

"सगळंच बसते," बाबा म्हणाले. "चाक ते चाक."

त्यांनी ते पाण्यात आडवं ठेवलं, वर दगड ठेवला, हलकेच, बाळाला झोपवावं तसं. मला तेव्हा भयंकर राग आला होता. आणि रागाच्या तळाशी हेही दिसत होतं की हा माणूस त्याला येतं ते सगळ्यात चांगलं काम माझ्यासाठी करून राह्यला आहे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी घरी येऊन चुलीजवळ बसले आणि रडले. आई म्हणाली, "काऊन रडतं? तुह्यासाठीच करून राह्यले ना ते."

सकाळी बाबांनी चाक काढलं, पुसलं, बसवलं, हातानं गरकन फिरवलं. "पाह्य. बसलं." ते पूर्वीइतकंच डोलत होतं. बाबांना ते दिसत नव्हतं, कारण त्यांना ते बसायला हवं होतं. मग त्यांनी कॅरिअरवर धानाचं पोतं बांधलं आणि गिरणीपर्यंत नेऊन आणलं, चाक वजनाखाली कायमचं बसावं म्हणून. परत आले तेव्हा रिम पापडासारखी वाकडी झाली होती आणि चाकाच्या आतून खरखर ऐकू येत होती.

तरी मी तीच सायकल घेऊन जात राहिले. दुसरं काय करणार? म्हाताऱ्याकडं एक दिवस ठेवायची म्हणजे एक दिवस बाबांच्या मनाविरुद्ध, आणि परत चालत यायचं, म्हणजे अंधार. जिकडून मोजावं तिकडून अंधारच यायचा. एका संध्याकाळी जंगलाच्या मधोमध चाकातून टण्णकन आवाज आला, मग आणखी एक. तारा तुटल्या. चाक दांडीत रुतलं, फिरेना. मी सायकल मागून उचलून चालायला लागले. सागाच्या पानांवर नुसतं पाणी टपकलं तरी मी मागं वळून पाहायची. सायकल टाकून पळाले असते तर कदाचित उजेडात पोचले असते. पण नवी होती. नव्या वस्तूवर आमचा जीव फार.

पुढून बॅटरीचा उजेड हलताना दिसला. बाबा होते, कुऱ्हाडीसकट. ते काहीच रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून सायकल घेतली, खांद्यावर टाकली. रोज पुढं चालणारे बाबा त्या दिवशी माझ्या मागून चालत होते. ओरडले असते तर मी उलट बोलले असते. घर येईपर्यंत अंधार गच्च झाला होता, आणि त्या अंधारातच माझं कॉलेज संपलं हे मला कळलं.

तरी दुसऱ्या दिवशी बाबा सायकल घेऊन त्या म्हाताऱ्याकडं आले, मी सोबत होते. म्हाताऱ्यानं चाक खोललं. आतले छर्रे, ज्यांच्यावर चाक फिरतं त्या लोखंडी गोळ्या, गंजून लाल झाले होते. त्यानं वर पाहिलं. "दादा, इसको पानी में डाला था क्या?"

"नाई," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते चिंचेकडं पाहत होते. माझे बाबा खोटं बोलत नाहीत. आजूबाजूच्या गावांची चाकं बसवणारा माणूस एका सायकलच्या चाकासमोर मान फिरवून उभा होता, आणि मला त्यांची इतकी दया आली की माझ्या कॉलेजचा विषय तिथं काढणं मला जमलं नाही.

पूर्ण चाकच बदलावं लागणार होतं, आणि ते चंद्रपूरहून यायचं होतं. "चाक आलं की जाजो," बाबा सांगत राहिले. त्यांच्या आवाजात ती संध्याकाळ होती, त्यामुळे मी चाकाची वाट पाहिली, पण फारशी आशा ठेवली नाही. चाक आलं तेव्हा धानकापणी उरकत आली होती. आई म्हणाली, "आता वर्ष गेलंच म्हनायचं." उन्हाळ्यात भद्रावतीकडचं स्थळ आलं. माणसं चांगली होती, नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही. कारण होतं तेच सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

मागच्या खेपेला माहेरी गेले होते. परत निघताना फाट्यावर बस थांबेल याचा भरवसा नव्हता, म्हणून बाबा मला मुलचेऱ्यापर्यंत सोडायला निघाले, त्याच सायकलवर. मी कॅरिअरवर, पिशवी मांडीवर. जंगलातून सायकल इतकी सरळ, इतकी बिनआवाजाची चालली होती की मला बसवेना.

"पाह्य," बाबा मान न वळवता म्हणाले, "बिलकुल आऊट नाई आता."

"नाई बाबा," मी म्हटलं.

मुलचेऱ्यात शिरलो तेव्हा कॉलेज सुटत होतं. पोरी घोळक्यानं सायकली काढत होत्या, हसत होत्या, कुणाची तरी ओढणी चाकात अडकली होती. बाबांनी घंटी वाजवत त्यांच्यातून वाट काढली, एसटीच्या थांब्याशी पाय टेकला आणि आभाळाकडं पाहिलं. सूर्य अजून चांगला वर होता.

"पाह्य बाई," ते म्हणाले, "उजेडातच पोचलो."