साहेबांची दुहेरी बेरीज

अमरावतीच्या आमच्या आकडेवारीच्या कचेरीतून पीकपाण्याचे तक्ते वर जायचे आणि किस्से चहाच्या टपरीवर. तक्त्यांचं पुढे काय झालं देव जाणे, किस्से मात्र माझ्याकडे साचत गेले.

साठ सालाच्या आसपास पुण्याहून नवे साहेब आले. पहिलाच हुकूम: प्रत्येक बेरीज दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून करायची. उत्तर जुळलं तरच तक्ता पुढे जाणार.

आमचा गवई भातकुलीचा, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "म्हंजे आमच्यावर भरोसा नाई तुमचा?"

"माझ्यावरही नाही. माझी बेरीज तुम्हीच तपासायची."

त्याच दिवशी गवईने साहेबांची चूक काढली आणि खुशीत सगळ्यांना चहा पाजला. नियम त्याला तेव्हापासून पटला.

*

मग हाताने दांडा फिरवायचं हिशेबाचं मशीन आलं. साहेब म्हणाले, रोज आधी उत्तर माहीत असलेलं गणित घालून बघा.

"दोन अन् दोन चार. याच्यासाठी मशीन घेतली काय सरकारनं?" गवई कुरकुरला.

एका सकाळी दोन अन् दोन शून्य आले. गवईच दांडा उलटा, वजाबाकीच्या दिशेने फिरवत होता. पुढे तो चहासुद्धा त्या गणितानंतरच घ्यायचा.

*

एका तक्त्याच्या तीन प्रती टेबलावर. साहेबांनी विचारलं, "यातली पक्की कोणती?"

"ही पक्की साहेब, ही लई पक्की," गवई म्हणाला, "अन् ही बराबर."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक प्रतीवर तारीख पडू लागली.

*

आमचा ठाकरे सरळ माणूस, पण धांदरट. पावसाच्या तक्त्यात त्याने अमरावतीखाली भातकुली लिहून पुढे 'डिट्टो' टाकलं, म्हणजे वरचाच आकडा. नंतर राहिलेलं चिखलदरा दोघांच्या मध्ये घुसवलं. झालं, चिखलदऱ्याचा सगळा पाऊस भातकुलीवर!

तक्ता गेल्यावर ठाकरेला ते उमगलं. तो स्वतःच साहेबांकडे गेला. साहेब कडाडले, "पुन्हा असं झालं तर बदली मेळघाटात, धारणीला."

गवई म्हणाला, "आमचं गाव वाहून गेलं अन् आमाले पत्ताच नाई."

*

नेमकं तेव्हाच ठाकरेचं अकोल्याच्या मुलीशी लग्न ठरत होतं. मुलीच्या वडिलांना एकच धास्ती, लेक मेळघाटच्या जंगलात जाऊ नये. जावयाची खात्री करायला ते कचेरीत आले. दोघांच्या बेरजेची गोष्ट ठाकरेनेच त्यांना कौतुकाने सांगितली होती.

त्यांनी गवईला बाजूला घेतलं. "पोट्टा कामात कसा हाय?"

"चुकतच नाई," गवई म्हणाला.

मग मला एकट्याला तेच विचारलं. मी म्हणालो, "चुकते. पण चूक सोता जाऊन सांगते."

"जुळलं नाई," ते म्हणाले आणि थेट साहेबांच्या खोलीत शिरले.

मी काय सांगितलं ते कळल्यावर ठाकरेचा चेहरा उतरला. "माह्या लग्नाची वाट लावली न तू," तो मला म्हणाला. मला फार वाईट वाटलं. आम्ही तिघं दाराशी कान देऊन उभे राहिलो.

प्रश्न ऐकून साहेबांनी विचारलं, "आधीच्या दोघांनी काय सांगितलं?"

"ते तुमाले नाई सांगत. तुमचाच नियम हाय म्हने."

साहेब म्हणाले, "चुकतो. पण लगेच येऊन सांगतो. असा माणूस मी धारणीला घालवणार नाही."

मुलीचे वडील दारात आले. माझ्याकडे पाहिलं, ठाकरेकडे पाहिलं आणि म्हणाले, "जुळलं."