धाकट्याचे झिजलेले दात

वडील गेले आणि लेथचा कारखाना थोरल्याच्या हातात आला. तेव्हापासून त्याचा हात धाकट्यावर चालू लागला. माप चुकलं की कानाखाली, माल उशिरा गेला की पाठीत सळई, तीही कामगारांदेखत. धाकटा उलटून बोलत नसे. जबडा आवळायचा आणि पुन्हा लेथवर वाकायचा. अशी बावीस वर्षं गेली.

चाळिशीत त्याला गार पाणी सोसेना. सकाळी कानशिलं ठणकायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा धरला. पुढचे दात आखूड, सपाट झालेले; वरचं कवच झिजून आतला पिवळा भाग उघडा पडलेला.

“दात खाता ना?”

“झोपेत,” तो म्हणाला.

“दिवसासुद्धा,” सोबत आलेली बायको म्हणाली. “भावाचं नाव काढलं तरी.”

“झोपताना दातांवर घालायला पट्टी करून देते. तिनं दात वाचतील, सवय मोडेलच असं नाही. झिजलेले दात नंतर भरून उंच करू. दिवसा मात्र तुम्हीच लक्ष ठेवायचं. ओठ मिटलेले असू देत, पण दातावर दात नको.”

तिसऱ्याच दिवशी एक दांडा मापात बसला नाही. थोरल्याने त्याची मान धरून डोकं लेथच्या कडेवर आपटलं. धाकट्याने सवयीने जबडा आवळला आणि दाढेचा तुकडा काडकन उडाला. रक्ताबरोबर त्याने तो थुंकला. मग तोच दांडा उचलून थोरल्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. थोरला खाली पडला. दुसरा घाव गुडघ्यावर बसला. तिसरा उगारला, तेव्हा म्हाताऱ्या फिटरने त्याला मागून मिठीत आवळून धरलं.

“बास करा. मरतील ते.”

“तुला मी वाढवलं रे,” थोरला जमिनीवरून म्हणाला.

“मारलंस,” धाकटा म्हणाला. दांडा सोडायला त्याची बोटं तयार नव्हती.

दवाखान्यात आलेल्या पोलिसांना थोरल्याने सांगितलं, मशिनवर पडलो. धाकट्याने मार दिला, हे त्याच्या तोंडून निघेना. धाकटा दुसऱ्या कारखान्यात लागला. दाढेवर टोपी बसली, पुढचे दात भरून झाले.

पुढच्या तपासणीत पट्टीवर ताजे चरे दिसले.

“अजून खाता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता तर भाऊ नाही समोर.”

“दुसरा घाव घालताना मला बरं वाटलं होतं,” तो म्हणाला. “ते डोक्यातून जात नाही.”

त्यांनी पट्टी घासून नीट केली आणि त्याला महिन्याने यायला सांगितलं.