मामांच्या टाकीतलं रॉकेल

काल बोटांना लागलेला दाराचा रंग पुसायला रॉकेलचा बोळा हातात घेतला आणि त्या वासासरशी निमोण्याहून दौंडला निघालेली ती सकाळ आठवली. मी घराण्यातला पहिला बी.एस्सी., शिक्षकाच्या नोकरीसाठी मुलाखतीला चाललो होतो. त्या वर्षी पेट्रोलची टंचाई होती, म्हणून मामांनी मामीच्या स्टोव्हचं रॉकेल मोटारसायकलच्या टाकीत मिसळलं होतं.

चढाला इंजिन खडखडू लागलं, डब्यात खडे हलवावेत तसं. मी ऐटीत म्हणालो, "मामा, रॉकेलनं पेट्रोलचं ऑक्टेन उतरतं, ते वेळेआधीच पेटतं. म्हणून इंजिन ठोकतंय."

"व्हय का? मग तुझं पुस्तक वतू का टाकीत?"

थोडं पुढं जाऊन इंजिन तापलं आणि बंदच पडलं. मामांनी एक ट्रक थांबवला. "तू जा. आज हुकलं तर परत कवा बोलावत्याल? मी जातो गाडी ढकलत माघारी."

नोकरी मिळाली. जन्मभर पोरांना ऑक्टेन शिकवलं. आता चार पायऱ्या चढलो तरी गुडघे बोलतात, तेव्हा ती जड गाडी आणि ते ऊन डोळ्यांपुढं येतं. मामा आता नाहीत. त्या दिवशी ट्रकमध्ये मी इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसलो होतो. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.