कुकरीची मूठ

वखारीत बाकी सगळ्यांच्या हातात कुऱ्हाडी आणि म्हाताऱ्याच्या हातात नेपाळी कुकरी, म्हणून त्याला सगळे कुकरीवालेच म्हणायचे. कुकरी तरी केवढी! हातभर लांब, पाठीला अंगठ्याएवढी जाड, मध्येच वाकलेली आणि पुढे फुगलेली. तरुणपणी त्याच्याबरोबर काम करणारा एक नेपाळी गडी कायमचा गावी निघाला, तेव्हा त्याने ती विकायला काढली. याने नुसती बघायला म्हणून हातात घेतली ती परत दिलीच नाही. "हत्ती सोलायचाय का रे?" असं म्हणून सोबत्यांनी भंडावून सोडलं. घरी बायको तिला सवत म्हणायची. "आधी तिला तेल पाजा, मग माझ्याकडे चहा मागा," हे तिचं रोजचं बोलणं. बिचारी गेली, पण सवत राहिली.

सरपण न्यायला कुणीही येवो, बेकरीवाला असो की बँकेतला साहेब, एकदा तरी म्हणायचाच, "जरा बघू का हातात घेऊन?" घेतली की मनगट खाली झुकायचं आणि तोंडभर हसू फुटायचं. आता यात हसण्यासारखं काय, देव जाणे! पण त्या वजनात काहीतरी होतं खरं. ती हातात आली की किरकोळ माणसालासुद्धा आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. म्हातारा म्हणायचा, "उचलायची तेवढी आपण. खाली यायचं तिचं ती बघते." गाठीच्या लाकडावरही तो जोर लावायचा नाही. उचलायचा, सोडायचा, की ढलपी बाजूला.

सुनेला त्या कुकरीची आधी भीती वाटायची, मग सवय झाली. सासरा तिला 'पोरी' म्हणायचा, ताटात वाढलेलं मुकाट्याने खायचा, कधी आवाज चढवायचा नाही. असा सासरा मिळायला नशीब लागतं, हे ती माहेरीही सांगायची. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी तिच्या मनात आलं, यांच्यासाठी काहीतरी करावं. कुकरीची लाकडी मूठ घामाने आणि झाडांच्या चिकाने काळीकुट्ट झाली होती. तिने बादलीत उकळतं पाणी ओतलं, त्यात मूठ बुडवून ठेवली आणि पाणी निवल्यावर खसाखसा घासली. म्हातारा बाहेरून आला आणि बघतच राहिला. "अगं, नवी नवरीच केलीस की तिची!"

दुसऱ्या दिवशी वखारीत म्हाताऱ्याने कुकरी उचलली आणि पातं मुठीतून निसटून सुटलं. मालकाच्या कानाजवळून गेलं आणि फळीच्या भिंतीत रुतलं. मूठ म्हाताऱ्याच्या हातात तशीच. मालक मटकन खाली बसला. माणूस वाईट नव्हता, पण जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. "मूठ सैल झालेली तुम्हाला कळत नाही? आता घरी बसा, कुकरीवाले," एवढंच तो म्हणाला. पातं आणि मूठ पोत्यात गुंडाळून घरी आली.

मुलगाही तेच म्हणाला. "इतकी वर्षं जपली म्हणता आणि एवढं कळलं नाही? बस झालं आता, बाबा."

म्हाताऱ्याने त्या पोत्याला हात लावला नाही. दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. जेवण अर्ध्यावर टाकायचा. "माझं डोकं तर गेलं नाही ना, पोरी?" असं एकदा त्याने विचारलं, आणि सून तिथून उठून गेली. कारण त्या बादलीच्या तळाशी तपकिरी चिकट थर बसला होता. तो तिनेच खरवडून काढला होता. नवऱ्याला कळलं तर घर डोक्यावर घेईल, या धाकाने ती गप्प होती.

शेवटी एका दुपारी, नवरा कामावर असताना, तिने रडत रडत सगळं सांगून टाकलं.

म्हातारा ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ताडकन उठला. पोतं सोडलं, मुठीच्या पोकळीत बघितलं आणि चक्क हसला. "अगं वेडे, आत राळ ओतून पातं बसवलेलं असतं! राळेला गरम पाणी लागलं की संपलंच. म्हणजे माझं डोकं जागेवर आहे तर!" त्याने त्या दुपारी दोन वेळचं जेवण केलं.

दुकानातून राळ आणून त्यांनी ती जुन्या डब्यात वितळवली. म्हाताऱ्याने मूठ उभी धरली. "ओत. घाबरू नकोस. उद्या मालकासमोर जाऊन उभाच राहतो बघ." सुनेने डबा जरा जास्तच कलवला, आणि उकळती राळ मुठीबाहेर सांडून त्याच्या बोटांवर ओघळली.

ती किंचाळली. म्हाताऱ्याने दचकून वर पाहिलं. "काय झालं? कमी पडली का?"

राळ त्याच्या बोटांवर घट्ट होत होती. तिने डबा खाली ठेवला, त्याचा हात ओढून पाण्यात घातला. राळ निघाली तेव्हा खाली कातडी लालभडक झालेली. म्हातारा आपल्याच हाताकडे परक्यासारखा बघत होता.

"कधीपासून, बाबा?"

"झालं बरंच. आधी करंगळी बधिर झाली, मग बाकीची." तो हळू आवाजात म्हणाला, "मूठ सैल असली तर पहिल्या उचलीला कळायला हवी, पोरी. नाहीच कळली मला." मग गयावया करत म्हणाला, "माझ्या पोराला सांगू नकोस. पाण्याचं मी माझ्यावर घेतो, तुझं नाव येऊ देणार नाही. मला फक्त उद्या वखारीत जाऊ दे."

गप्प राहिली तर तीही सुटत होती आणि तोही. पण पुढच्या वेळी पातं कुणाच्या तरी कानाजवळून जाणार नाही, मानेतच बसेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळी नवरा आला तसं तिने दारातच सांगितलं, आधी स्वतःचं, मग म्हाताऱ्याचं. तो तिच्यावर ओरडला, व्हायचं तेवढं झालं. म्हातारा तिच्याकडे बघेना. मग मुलगा बापाच्या पुढ्यात खाली बसला. भाजलेला हात बाजूला ठेवून त्याने दुसरा हात हातात घेतला आणि एकेक बोट दाबायला लागला.

"हे कळतंय?"

"नाही."

"हे?"

"नाही."

मुलाने तो अख्खा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट आवळून धरला. "आणि आता, बाबा?"

म्हाताऱ्याने खाली हातांकडे पाहिलं.

"दिसतंय ना," तो म्हणाला. "तू धरलायस, ते दिसतंय मला."