आमच्या वस्तीचा दुभाष्या

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या घोरण्यापासून सगळं ठाऊक आहे. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं कारण पुरे धरा.

आधी थोडी फुशारकी मारू द्या. तामसी मंडळातल्या — मंडळ म्हणजे आमच्याकडचा छोटा तालुका — आमच्या गावात, कडेला असलेल्या आमच्या बौद्ध वस्तीत, पहिला एम.ए. मी. तोही लोकप्रशासनात, तोही हैदराबादेत. सरकार योजना कशा आखतं, त्या लोकांपर्यंत कशा पोचतात, कुठे अडकतात — हा माझा विषय. बाप जन्मभर दुसऱ्याच्या कापसात राबला, पण आदिलाबादच्या बसमध्ये बसला की शेजारच्याला विचारायचा, तुमचं पोरगं काय शिकते? समोरच्यानं उलट विचारेपर्यंत त्याला दम निघायचा नाही. मला लाज वाटते असं मी दाखवायचो. खरं तर छाती फुगायची. आजही फुगते — त्यात लपवण्यासारखं काय आहे?

लपवण्यासारखं वेगळंच आहे. मला तेलुगू येत नव्हती.

आता म्हणाल, राज्य तेलुगूचं, विद्यापीठ हैदराबादेत, आणि तेलुगू येत नाही? शाळा मराठीतून झाली, कॉलेज इंग्रजीतून, आणि हॉस्टेलवर हिंदी-उर्दूची खिचडी चालायची. निभून गेलं. बसच्या पाट्या मी अक्षरं जुळवून वाचायचो, बाजारापुरतं बोलायचो. वस्तीला मात्र वाटायचं, हैदराबादेत राहतो म्हणजे पोरगा घडाघडा बोलत असणार. मी कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला काय लागतं हो? पण जीभ रेटली नाही.

आणि वस्तीला तर दुभाष्या हवाच होता. मंडळं नुकतीच झाली होती. सरकारी माणूस यायचा, तेलुगूत बोलून जायचा, आणि मग आमची माणसं विहाराच्या ओट्यावर बसून तो काय म्हणाला असेल यावर संध्याकाळभर वाद घालायची. सीमेवरच्या गावांची ही रीतच होती.

मी शेवटच्या वर्षाला होतो. उन्हाळ्यात घरी आलो होतो आणि मंडळ ऑफिसचा अधिकारी वस्तीत आला. विषय घरांच्या जागांचा. आमची निम्मी वस्ती नाल्याच्या काठावर, दर पावसाळ्यात घरात पाणी. सरकार उंचावर जागा देणार, एवढं सगळ्यांच्या कानावर होतं. अधिकारी भरभर बोलू लागला. नाल्याला अगदी लागून घर होतं ते कमळामावशीचं — माझ्या आईची मैत्रीण, तिनं मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. ती उठून उभी राहिली.

"साहेब, आमाले तेलुगू समजत नाई. जरा हिंदीत सांगा ना."

हिंदी एवढा शब्द त्याला कळला, आणि तो सांगणारही होता. तोंड उघडलं होतं त्यानं. मीच मध्ये पडलो.

"हिंदी कशाले, मावशी? मी आहो ना."

ती खाली बसली. अगदी समाधानानं बसली. अधिकारी पुन्हा तेलुगूत सुरू झाला, आणि मला त्यातलं कळलं ते एवढंच — जागा, मंडळ ऑफिस, शनिवार. मग काय केलं मी? पुस्तकात वाचलेलं होतं की प्रशासन लोकांच्या दारापर्यंत गेलं पाहिजे. मला ते वाक्य फार आवडायचं. तेच मी सांगितलं — शनिवारी मंडळ ऑफिसची माणसं घरोघर येणार, कोणी कामाला जाऊ नका, घरीच थांबा. ठासून सांगितलं. अधिकाऱ्याला मराठी येत नव्हती, तो मान डोलावत राहिला. बाप तर नुसता माझ्याकडे बघत होता.

इथवर सांगून थांबता आलं असतं. चूक झाली, पोरवय होतं, म्हणून सोडूनही दिलं असतं तुम्ही. पण कबुली याची नाहीच.

त्याच शनिवारी मी हैदराबादला परत निघालो. आदिलाबादच्या स्टँडवर शेजारच्या गावचा एक ओळखीचा भेटला. खुशीत होता. म्हणाला, सकाळपासून त्याचं अख्खं गाव मंडळ ऑफिसात आहे, घरातल्या कर्त्यानं स्वतः येऊन अंगठा द्यायचा आहे, आजचा शेवटचा दिवस, जो येणार नाही त्याची जागा गेली. मग त्यानं विचारलं, तुमच्या वस्तीचं कोणीच कसं दिसलं नाही?

समोर तामसीची बस उभी होती. अर्धा दिवस हातात होता. गेलो असतो, धावत वस्तीत शिरलो असतो, सगळ्यांना घेऊन मंडळ ऑफिस गाठलं असतं. फक्त एक वाक्य बोलावं लागलं असतं, बापासमोर, सगळ्यांसमोर — मला तेलुगू येत नाही.

मी हैदराबादच्या बसमध्ये चढलो. खिडकीची जागा मिळाली, आणि त्याचं मला बरं वाटलं होतं, तेही आठवतं.

आमच्या वाट्याच्या जागा शेजारच्या गावाला गेल्या. त्या पावसाळ्यात कमळामावशीची भिंत पडली, तिच्या अंगावर. जीव वाचला, कंबर कायमची गेली.

आणि मी? मला प्रबंधाला विषय हवा होता. दोन गावं, एकच योजना. एका गावाला लाभ मिळाला, दुसऱ्याला नाही — का? मी लिहिलं, दुसऱ्या गावातल्या लाभार्थ्यांची उदासीनता आणि जागृतीचा अभाव. प्राध्यापक खूश झाले. स्वतःच्याच गावाकडे इतक्या तटस्थपणे बघणारा विद्यार्थी आपण पाहिला नाही, म्हणाले. प्रथम श्रेणी मिळाली, विभागात पहिला आलो.

विहारात माझा सत्कार झाला. हार घालायला कमळामावशी काठी टेकत पुढे आली. जागा का गेल्या हा विषय कोणीतरी काढलाच, तेव्हा तिनं सगळ्यांना गप्प केलं. "पोरगं बरोबरच सांगून गेलं होतं. सरकारच लबाड निघालं." मग माझ्याजवळ टेकली आणि हळूच म्हणाली, "आपल्या वस्तीवर लिवलं म्हणे तू, बाबू. काय लिवलं रे?"

चांगलंच लिहिलं मावशी, म्हणालो.

पुढं कितीतरी वर्षं, बाजारात भेटेल त्याला ती सांगायची की आमची वस्ती हैदराबादच्या पुस्तकात आहे. वस्तीला उंचावर जागा मिळाल्या त्या ती गेल्यानंतर.

त्या पदवीचा मला अजून अभिमान आहे. खोटं कशाला बोलू? दिवाणखान्यात ती चौकटीत लावलेली आहे, आणि आलेला पाहुणा तिच्याकडे बघेपर्यंत मलाही दम निघत नाही. प्रबंध इंग्रजीत आहे. वस्तीतल्या एकालाही तो वाचता येणार नाही, हे मला लिहितानाच ठाऊक होतं.